वर्षाचा मसाला आणि खडे मसाले पावसाळ्यात कसे टिकवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यंदा एप्रिलमध्ये पहिल्यांदाच वर्षभराचं सामान एकदम भरलं, बेडगी मिरची २ किलो, संकेश्वरी मिरची १ किलो, धने २ किलो, शिवाय जिरं, दगडफूल, नागकेशर, तिरफळं वगैरे. अर्ध्याचा मसाला डंकावर कुटून आणला, बाकीचं तसंच खडं ठेवलंय. घर रत्नागिरीत, त्यामुळे जूनपासून हवेत नुसता ओलावा, आणि किचन छोटं, एकच उघडं फडताळ, तेही गॅसच्या बाजूला.

आई चिनी मातीच्या बरणीत मसाला दाबून भरायची, मध्ये मध्ये हिंगाचे खडे टाकायची आणि वर दादरा (कापडाचं फडकं) बांधायची. मसाल्याचं मी तसंच केलंय, तो अजून छान आहे. पण धन्यात टोके (किडे) झालेत!! कडकडीत ऊन दाखवूनच डब्यात भरले होते, तरी झालेच, फार जीव हळहळला. आणि काचेच्या बरणीतल्या बेडगीचा रंग उडत चाललाय, उजेडामुळेच असणार.

तर विचारायचं होतं की धने, मिरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या तर चालतात का, बाहेर काढल्यावर पाणी सुटून बुरशी नाही ना येत? स्टीलचे डबे बरे की झिपलॉक? दगडफुलाचा वास बाकीच्यांना लागू नये म्हणून काय करता? आणि टोके लागलेले धने चाळून, भाजून वापरता की सरळ टाकून देता? कोकणातल्या लोकांनी प्लीज नक्की सांगा, पुढच्या आठवड्यात सगळं काढून परत भरणार आहे.