हळू पिकणारी माणसं मराठवाड्यात बसवताना

'तो दीडशे वर्षांचा होता, पण दिसायचा चाळिशीचा' हे लिहायला एक ओळ पुरते. पण त्याला कंधारच्या गल्लीत किंवा अंबाजोगाईच्या बाजारात उभं केलं की पंचाईत सुरू होते. अशी फार हळू म्हातारी होणारी पात्रं घेऊन कादंबऱ्या लिहिणाऱ्यांसाठी आणि त्यांची हस्तलिखितं तपासणाऱ्यांसाठी हे टिपण. काय करायचं, कुठं फसतं आणि कशामुळं, एवढंच.

पंचांग

आधी दर ठरवा आणि कागदावर मांडा. जन्मापासूनच वाढ हळू ठेवली तर आठास एक या दरानं पोर सोळा वर्षं लंगोटात राहतं आणि कादंबरी तिथंच अडकते. म्हणून पंचविशीपर्यंत सगळं नेहमीसारखं, पुढं आठ वर्षांना एक वर्ष, असा हिशोब सोयीचा पडतो. जन्म १८८० धरा. १९०५ ला पंचवीस. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ ला, दिसायला तीस. बहात्तरच्या दुष्काळात तेहतीस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं तेव्हा छत्तीस. २०२५ ला चाळीस.

आता गावाच्या नजरेनं बघा. खरं वय चाळीस तेव्हा चेहरा सत्ताविशीचा. एवढं खपतं, अंगकाठीच तशी म्हणतात. खरं वय पंचावन्न आणि चेहरा एकोणतिशीचा, हे खपत नाही. म्हणजे पंधरा-वीस वर्षांत गाव बदलायलाच पाहिजे. तक्त्यात 'कुठलं गाव, कोणत्या नावानं, कोणाचा कोण' असा रकाना नसेल तर तिसऱ्या प्रकरणात गोंधळ ठरलेला.

आणखी एक. म्हातारपण लांबलं म्हणजे मरण टळलं असं नाही. वर्षाला हजारात एक एवढाच अपघाती मृत्यूचा धोका धरला तरी अशा माणसांतली निम्मी ६९३ वर्षांत संपतात. प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा मोजला तर आकडा कितीतरी खाली येतो. एकाच कुळातले दहाही जण आजपर्यंत जिवंत दाखवू नका.

दात आणि हाडं

पहिला प्रश्न: नेमकं काय हळू झालं? शरीराचं सगळं घड्याळ, की फक्त झीज? सगळं घड्याळ हळू केलं तर मनगटाचं हाड सहा आठवड्यांऐवजी अठ्ठेचाळीस आठवड्यांनी जुळेल, महिन्याला सेंटिमीटरभर वाढणारे केस आठ महिन्यांनी तेवढे होतील आणि बाळंतपण सहा वर्षांवर जाईल. बहुतेक लेखक नकळत 'जखम भरते लगेच, सुरकुत्या पडतात उशिरा' असं धरतात. चालेल, पण ते ठरवून धरा.

काही गोष्टी वयानं नाही, वापरानं झिजतात. दातांचं इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. दगडी जात्यावर दळलेल्या पिठात बारीक कच येते. ऐंशी-नव्वद वर्षं त्या पिठाची ज्वारीची भाकरी चावली की दाढांचे उंचवटे सपाट होतात आणि मधला पिवळा भाग उघडा पडतो. चेहरा तिशीचा आणि दाढा पाट्यासारख्या! दातांच्या डॉक्टरला तोंड उघडून दाखवायचा प्रसंग म्हणूनच फार उपयोगी. फ्लोराइडचंही तसंच. किनवटकडच्या बोअरचं पाणी पिणाऱ्याच्या हाडांत ते साठतं ते पाणी किती वर्षं प्यायलं त्यावर. तो किती तरुण दिसतो याच्याशी हाडांना देणंघेणं नाही.

कातडीवरच्या खुणा विसरू नका. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा. आज तिशी-चाळिशीचा दिसणाऱ्या माणसाच्या गालावर देवीचे व्रण असतील तर शहाण्या नर्सला शंका आलीच पाहिजे. बाईच्या हातावरचं गोंदण हिरवट पडून कडा पसरलेल्या दाखवा, काळंभोर नको.

जुनं दप्तर

सगळ्यात जास्त चुका कागदात. निजामी अमलातला कागद उर्दूत आणि तारीख 'फसली' सनाची, म्हणजे निजामी महसुली वर्षाची. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं सुरू होतं. इसवी सन काढायला आजूर ते डिसेंबरअखेर ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस १३५७ फसलीत येतो. सरसकट ५९० मिळवलं की कागद वर्षभर मागं सरकतो आणि पोलीस ॲक्शननंतरची घटना आधी घडते.

पत्ता तपासा. १९७५ च्या पाकिटावर 'जि. लातूर' लिहिलं की खेळ खलास. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९८२ चा. जालना १९८१, हिंगोली १९९९. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत.

जमीन कशी टिकवायची? पात्राला कागदावर मरावं लागतं आणि स्वतःचाच नातू होऊन वारस फेरफार करून घ्यावा लागतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत झाली तर साधं काम, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. लपलेल्या माणसाला तेच परवडत नाही. शाळेच्या दाखल्याची सोय मात्र जुनी आहे. गुरुजी अंदाजानं १ जून टाकायचे, निम्म्या गावाचा वाढदिवस एकच, त्यात आणखी एक सहज मिसळतो.

हे आधारपर्यंत चालतं. बोटांचे ठसे आणि बुबुळ जुळले की दुसरं आधार नाकारलं जातं. २०१० नंतर नवं नाव घेणारं पात्र असेल तर त्याची वाट आधी शोधा, नाहीतर वाचक शोधतो. दुसरा धोका १९५४ च्या खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. भावकीतल्या कुणीतरी नक्कल काढली आणि त्यात आपल्या पात्राचं खरं नाव, वडिलांच्या नावासकट. कथानकाला एवढा कागद पुरे.

जाता जाता

१९६० च्या शिवारात सोयाबीन पेरू नका. ते इकडं पसरलं नव्वदच्या दशकापासून. आधी ज्वारी, कापूस, तूर, करडई, जवस.

बोली

असा माणूस बोलण्यावरून पकडला जातो. तलाठ्याला 'पटवारी', अर्जाला 'दरखास्त'. रुपयाचा हिशोब आण्यात, आणि हाली (निजामी रुपया) की कलदार (इंग्रजी रुपया) हे विचारायची खोड. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे त्याच्या बोटांवर असतं. पण प्रत्येक वाक्यात असे शब्द कोंबले की पात्र संग्रहालय होतं. माणसं आजूबाजूचं ऐकून बोली बदलतात, तोही 'काय करायलास', 'कामून' म्हणत पुढं येईल. जुना शब्द निसटतो तो घाईत, रागात किंवा मोजताना. पायलीनं धान्य मोजताना तर हमखास. प्रकरणाला एखादाच निसटा शब्द ठेवा.

नातं त्याहून अवघड. घरातलं गुपित माहीत असलेला साठीचा पणतू एकांतात 'आबा, जेवलात का?' म्हणतो. दारात पाहुणे आले की चाळिशीच्या आबांनी वाकून त्याच पणतूच्या पाया पडायचं आणि त्यानं 'बस रे' म्हणायचं. हस्तलिखितात हे 'तुम्ही' आणि 'तू' चार-दोन ठिकाणी हमखास उलटतात. त्यावर उपाय एकच: दोघांचे संवाद वेगळे काढून, प्रत्येकापुढं 'एकांत' की 'चारचौघांत' एवढं पेन्सिलीनं लिहून, सलग वाचायचे.