टाकी लहान म्हणून मासा लहान?

कुणीतरी लिहिलंय की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. हे पटत नाही. साधा गोल्डफिश चांगल्या पाण्यात वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. छोट्या बाऊलमध्ये तो खुरटतो, कारण त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया साचतो. खुरटलेला मासा ओळखू येतो: अंग आखूड, डोळे मात्र अंगाच्या मानाने मोठे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच घाला.

शेततळ्यातही गणित तेच, फक्त आकडे मोठे. दहा गुंठ्यांत कटला, रोहू, मृगळ या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मिळून ८०० ते १००० बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) पुरे. स्वस्त मिळतात म्हणून दुप्पट बोटुकल्या सोडल्या, तर सगळेच पाव-पाव किलोवर अडकतात. कटल्याचं डोकं मोठं आणि पाठ बारीक दिसली की समजा, उपासमार आहे. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तळाला माती नसते, त्यामुळे प्लवंग (माशांचं खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) सावकाश तयार होतात. तिथे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के रोज द्यावी लागते.

डिसेंबर-जानेवारीत मात्र हात आखडता घ्या. पाणी वीस अंशांखाली गेलं की मासा खायचंच कमी करतो. उरलेली पेंड तळाला कुजते, ऑक्सिजन खाते, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. तसं दिसलं की आधी खाद्य बंद, मग ताजं पाणी उंचावरून पडेल असं सोडा.

तळ्यात तिलापिया (भराभर पिल्लं घालणारा परदेशी मासा) शिरला असेल तर तो वेगळाच प्रश्न, पिल्लंच इतकी होतात की कुणीच मोठं होत नाही.