एच६१ बोर्डवर आय७ टाकताना
दादा, तुमच्या कॉम्प्युटरच्या एच६१ मदरबोर्डवरचा इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर काढून चौथ्या जनरेशनचा आय७ बसेल का विचारलंत, तर नाही बसणार, त्याचं सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) ११५० आणि तुमच्या बोर्डचं ११५५. तिसऱ्या जनरेशनचा आय७-३७७० बघा, ४ कोर, ८ थ्रेड (म्हणजे एका वेळी आठ कामं), पण जुना प्रोसेसर काढायच्या आत बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, २०११ च्या बऱ्याच एच६१ बोर्डांवर तिसरी जनरेशन त्याशिवाय चालतच नाही, पंखा फिरतो नि स्क्रीन काळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंडहँड मिळेल, घासाघीस करा आणि दुकानातच चालवून बघा. पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, एक जरी वाकली तरी डोक्याला ताप, प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, बोटाने दाबायचा नाही. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट नवीनच लावा, मुंबईच्या उकाड्यात हयगय नको. विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर मात्र पहिले पैसे एसएसडीवर (हार्डडिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) घाला.