मदत हवी आहे: किओज्जा बीटची वलयं फिकी येताहेत

नमस्कार मंडळी. इथे इटलीत पादोव्हाजवळ मोकळ्या वाफ्यात किओज्जा बीट लावलंय. (व्हेनिसच्या खाजणाच्या दक्षिण टोकाच्या किओज्जा गावाच्या नावाचा भोपळाही आहे आणि रादिक्कियो ही पालेभाजीही; प्रश्न फक्त बीटचा.)

कापल्यावर गुलाबी-पांढरी वलयं ठसठशीत दिसायला हवीत. बाहेरची दोन जेमतेम गुलाबी, आतलं सगळं जवळपास पांढरं. हे कच्चं कापून पाहिलेलं आहे. उकडल्यावर रंग पसरतो, त्याबद्दल तक्रार नाही.

पेरणी मेच्या मध्यावर, काढणी जुलैच्या मध्यावर, गड्डे ५-६ सेंमी. एका बीजातून तीन-चार रोपं येतात, म्हणून विरळणी करून १० सेंमी अंतर ठेवलं. मातीचा सामू ६.८, खत फक्त कुजलेलं कंपोस्ट, ठिबक दिवसाआड. गड्ड्यात काळे डाग नाहीत, त्यामुळे बोरॉनची कमतरता वाटत नाही.

बियाण्यावरही शंका नाही, कारण याच पाकिटातली मार्चची पेरणी झकास रंगली होती. म्हणजे संशय उन्हाळ्यावरच. दुसऱ्या वाफ्यावर ३० टक्के सावलीची जाळी टाकली, फरक नावापुरता. पाणी वाढवलं तर पानंच माजली.

आता शरदातलं पीक घ्यायचंय. ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलं तर गड्डा धरताना पुन्हा उकाड्यात सापडेल, महिनाअखेरीस पेरलं तर थंडीत वाढ थांबेल अशी भीती. पो नदीच्या सपाटीत ज्यांनी हे बीट घेतलंय त्यांनी सांगावं: नेमकी कोणत्या आठवड्यात पेरणी केली, आणि गड्डे ४ सेंमीलाच काढले तर वलयं जास्त ठळक मिळतात का?