कमी प्रकाशाच्या क्रीडागृहात कबड्डीची छायाचित्रे: बारा हजारांत लेन्स घ्यावी की कॅमेरा बदलावा?

निदानरेषा (प्रश्न)

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून आमच्या महाविद्यालयाच्या मुलांच्या आणि मुलींच्या कबड्डी संघांची छायाचित्रे काढते. सामने मॅटवर, बंदिस्त क्रीडागृहात होतात आणि छताला ठरावीक अंतरावर एलईडी दिवे आहेत. माझ्याकडे कॅनन १५००डी हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५५-२५० या लेन्स आहेत. ५५-२५० लांब ओढून ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ठेवला, तर शटर स्पीड १/६० सेकंदाच्या पुढे जात नाही. त्यामुळे चढाईपटूचा चेहरा कधी स्पष्ट येतो, पण हात आणि पाय नेहमीच पुसट होतात. आयएसओ आणखी वाढवला तर चित्र खरखरीत होईल, या भीतीने मी तिथेच थांबते. खर्चासाठी साधारण बारा हजार रुपये आहेत. जुना पण सरस कॅमेरा शोधावा, की लेन्स घ्यावी? फ्लॅश वापरण्यास परवानगी नाही, आणि ती मागण्याची माझी इच्छाही नाही.

भिंगवाला

लेन्स घ्यावी, आणि तीही ५० मि.मी. एफ/१.८. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम (स्टेपिंग मोटरने फोकस करणारी) आवृत्ती आपल्या रकमेत बसते. कारण साधे गणिताचे आहे. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आल्यास सेन्सरवर पडणारा प्रकाश जवळजवळ साडेनऊ पट होतो. म्हणजे ज्या आयएसओवर आज आपल्याला १/६० मिळतो, त्याच आयएसओवर १/५०० सहज मिळेल. बारा हजारांत मिळणारी कोणतीही जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) एवढा फरक पाडू शकणार नाही. शिवाय डीएसएलआर कॅमेरा फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवतो, त्यामुळे मोठ्या ॲपर्चरची लेन्स लावल्यावर व्ह्यूफाइंडरही उजळ दिसतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात फोकस शोधताना होणारी चाचपड कमी होते.

आता ही लेन्स कबड्डीला पुरेल का, हे मैदानाच्या मापांवरून पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे एका संघाचा अर्धा भाग साडेसहा मीटरचा. निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा) मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा (जादा गुणासाठीची) तिच्या एक मीटर पुढे असते. आपण अंतिम रेषेच्या मागे तीन मीटरवर बसलात, तर निदानरेषेवरचा चढाईपटू आपल्यापासून पावणेसहा मीटरवर असेल. तेवढ्या अंतरावर १५००डीवर ५० मि.मी.ची आडवी फ्रेम सुमारे अडीच मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच असते. वाकून पाय टाकणारा चढाईपटू आणि त्याच्या शेजारचा एखादा बचावपटू तीत नेमके मावतात. महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे असले, तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही.

जागा निवडताना मात्र विचार करावा लागेल. चढाईपटूचा चेहरा प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूच्या अंतिम रेषेमागूनच दिसतो. आपल्या संघाच्या मागे बसलात तर हाती पाठी येतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आपणही उठून दुसऱ्या टोकाला जावे. पंचांच्या आणि गुणलेखकांच्या वाटेत न येता हे करण्यासाठी सामन्यापूर्वीच आयोजकांशी बोलून ठेवलेले बरे.

छायाप्रकाश

लेन्सच्या बाबतीत मी भिंगवाला यांच्याशी सहमत आहे, पण प्रश्नकर्तीच्या मनातील आयएसओची भीती आधी दूर व्हायला हवी, कारण ती गेली नाही तर नव्या लेन्सचाही निम्मा उपयोग वाया जाईल. आयएसओ ६४०० वर काढलेल्या चित्रात दाणे दिसतील, हे खरे. पण कमी आयएसओवर काळपट आलेले चित्र नंतर संगणकावर उजळले, तर सावल्यांमधले दाणे त्याहून वाईट दिसतात आणि रंगही मळतात. २४ मेगापिक्सेलचे चित्र महाविद्यालयाच्या पानावर टाकण्यासाठी दोन हजार पिक्सेल रुंदीवर आणले की दाण्यांचा बराचसा भाग आपोआप नाहीसा होतो. पुसट झालेली हालचाल मात्र कोणत्याही उपायाने समाधानकारक परत येत नाही. म्हणून आधी शटर स्पीड ठरवावा आणि मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्यावा.

कबड्डीसाठी १/५०० ही माझी किमान मर्यादा आहे. हनुमान उडी किंवा वेगाने मारलेली लाथ टिपायची असेल, तर १/८०० बरा. तरीही प्रकाश फारच अपुरा असेल, तर खेळातील संथ क्षणांकडे वळावे. चढाईपटू दिशा बदलताना क्षणभर थबकतो, उडीच्या सर्वोच्च बिंदूवर शरीर जवळजवळ स्थिर असते, आणि चार जणांनी केलेल्या पकडीत ताकद प्रचंड लागते पण सरकणे थोडे असते. असे क्षण १/२५० वरही चांगले येतात. आपला कॅमेरा सेकंदाला तीनच चित्रे घेतो. दोन चित्रांमधल्या एक तृतीयांश सेकंदात बचावपटूच्या बोटांना झालेला स्पर्श होऊन जातो, त्यामुळे बटण दाबून धरण्यापेक्षा खेळाचा अंदाज घेऊन एकदाच दाबणे अधिक फलदायी ठरते. जो स्वतः कबड्डी समजून पाहतो, त्याला इथे महागड्या कॅमेऱ्यावाल्यापेक्षा जास्त मिळते, असे मला मनापासून वाटते.

एक्सपोजर मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेले ठेवावे. क्रीडागृहातला प्रकाश सामनाभर तोच असतो, पण फ्रेममध्ये पांढरी जर्सी आली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चित्र काळवंडतो आणि गडद जर्सी आली की उगाच उजळतो. फोकससाठी एआय सर्वो (हलत्या विषयावर सतत फोकस करणारी पद्धत) आणि नऊपैकी फक्त मधला बिंदू वापरावा, कारण आपल्या कॅमेऱ्यात तोच एक क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे. पावणेसहा मीटरवर एफ/१.८ ला सुस्पष्टतेची खोली (जेवढ्या अंतरातले सारे स्पष्ट दिसते तो पट्टा) जेमतेम मीटरभर असते. बिंदू छातीवरच्या क्रमांकावर धरला, तर चेहराही सहसा त्या खोलीत राहतो.

निदानरेषा

दोघांचेही आभार. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या संघाची पकड दूरच्या अर्ध्या भागात होते, तिथे ५० मि.मी. तोकडी पडणार नाही का? त्यासाठी ८५ मि.मी. एफ/१.८ घ्यावी का? आणि एकाच सेटिंगवर लागोपाठ काढलेल्या चित्रांपैकी एखादे पिवळसर आणि अंधारे का येते?

भिंगवाला

दूरचा बचाव आपल्यापासून बारा-तेरा मीटरवर असेल आणि तिथे फ्रेम साडेपाच मीटरहून रुंद होईल. त्यातून अर्ध्या रुंदीचा भाग कापून घेतला तरी सहा मेगापिक्सेल उरतात आणि सूचनाफलकावर लावायच्या ए४ छापील चित्रालाही ते चालतात. ८५ मि.मी. ही उत्तम लेन्स आहे, पण वापरलेली मिळाली तरी ती बहुधा आपल्या रकमेबाहेर जाईल, आणि जवळच्या चढाईत तिच्या फ्रेममध्ये फक्त कमरेवरचा भाग येईल. कबड्डीत पायच कापले गेले तर बोनसचा गुण चित्रात उरतच नाही. बॅडमिंटनचे सामने अधिक असते, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

वापरलेली लेन्स घ्यायची झाल्यास, मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा अन्यत्र, ती हातात घेऊन मागून मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहावे. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. ५० मि.मी. एफ/१.८ ची एसटीएमपूर्वीची आवृत्ती बरीच स्वस्त मिळते, पण तिचा फोकस संथ आणि कमी प्रकाशात बेभरवशाचा आहे. या कामासाठी ती टाळावी.

छायाप्रकाश

पिवळसर चित्रांचे कारण विजेच्या प्रवाहात आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. म्हणजे एक आवर्तन दहा मिलिसेकंदांचे. १/१०० ला पूर्ण आवर्तन टिपले जाते, त्यामुळे चित्रे सारखी येतात. १/५०० ला मात्र त्यातले फक्त दोन मिलिसेकंद हाती लागतात आणि ते प्रखर टप्प्यातले की मंद टप्प्यातले, हे योगायोगावर ठरते. कधी चित्राचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळपट येतो, तेही यामुळेच.

कॅननच्या ८०डीसारख्या कॅमेऱ्यांत प्रखर टप्पा साधून शटर उघडण्याची सोय असते. १५००डीमध्ये ती नाही. म्हणून महत्त्वाच्या क्षणी एकाऐवजी दोन-तीन चित्रे घ्यावीत, म्हणजे मी वर म्हटलेल्या एकदाच दाबण्याला इथे अपवाद करावा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात काढल्यास प्रत्येक चित्राचा रंग आणि उजेड नंतर वेगवेगळा जुळवता येतो; त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. सामन्याच्या अर्धा तास आधी जाऊन रिकाम्या मॅटवर १/५०० ला दहा-बारा चित्रे काढून पाहिली, तर कोणत्या कोपऱ्यातले दिवे अधिक लुकलुकतात ते कळेल आणि बसण्याचे टोक त्यानुसार निवडता येईल.