१२ युरोत बोर्दो नको, बोजोले घ्या

तिसरी_नदी

गेल्या महिन्यात पुण्याहून मित्र आला. पहिल्याच संध्याकाळी सुपरमार्केटातून १२ युरोची बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली प्रसिद्ध वाईन, उचलून आणली. लेबलवर गढीचं चित्र, सोनेरी अक्षरं. "फ्रान्सला येऊन बोर्दो नाही प्यायची तर काय," वगैरे. उघडली, प्यायलो. पहिला घोट ठीक, मग हिरड्यांवर कोरड चढली, फार उकळलेल्या कोऱ्या चहाने चढते तशी, आणि त्या कोरडीमागे फळाचा मागमूस नाही. तो म्हणाला, "छान आहे." हे 'छान' मी ओळखतो. मांडवातल्या गार जिलबीला आपण म्हणतो ते.

दुसऱ्या दिवशी मी तेवढ्याच पैशांची मॉर्गों नावाची लाल वाईन आणली, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली आणि भरल्या वांग्यांबरोबर उघडली. जेवण संपायच्या आत बाटली संपली. ही कुठली म्हणून विचारलं. बोजोले, म्हटलं. तर म्हणे, "ती नोव्हेंबरातली स्वस्तातली?"

या गैरसमजासाठीच हा धागा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी निघते ती 'नूवो'. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं दोन-अडीच महिन्यांत बाटलीत. गंमत म्हणून ठीक, पण तिच्यावरून बोजोले जोखणं म्हणजे भेळ खाऊन मराठी जेवणावर मत देणं. मी राहतो त्या लियों शहराच्या उत्तरेला, बोजोले भागात, टेकड्यांवर दहा टापू असे आहेत, की त्यांना बाटलीवर स्वतःचं नाव लावता येतं: मॉर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ, ब्रुयी वगैरे. बऱ्याच लेबलांवर 'बोजोले' हा शब्द ठळकपणे दिसतही नाही. द्राक्ष एकच, गामे. १३९५ साली शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूक फिलिपने याच द्राक्षाला बेइमान ठरवून उपटायला लावलं, त्याला पिनो न्वार हे दुसरं द्राक्ष हवं होतं. गामे दक्षिणेला ग्रॅनाइटच्या उतारांवर तगलं आणि तिथे त्याचं सोनं झालं. वास घ्या: आधी चेरी, मग पिकलेलं करवंद, थोडी मिरी. तुरटपणा कमी, आंबटपणा खणखणीत.

माझं म्हणणं एवढंच, की १२ युरोत बोर्दोच्या शेवटच्या पंगतीत जागा मिळते, बोजोलेत पहिल्या. हाच हिशोब इतरत्रही लागतो. शाम्पेनच्या निम्म्या पैशात क्रेमाँ ही फसफसती वाईन येते, तीही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली. आठ युरोची म्युस्कादे ही पांढरी वाईन घ्या, लेबलवर 'स्यूर ली' असलेली. म्हणजे मेलेल्या यीस्टच्या गाळावर हिवाळाभर ठेवलेली. पाटीवरची ओली पेन्सिल लहानपणी चाटली असेल, तर ती चव लगेच ओळखाल.

उजवा_काठ

धागा चुरचुरीत आहे, पण निष्कर्ष साफ चुकला. मित्राने वाईट बाटली घेतली यात बोर्दोचा काय दोष? गढीचं चित्र बघून घेतली की असंच होणार.

सध्या १० ते १५ युरोत फ्रान्समधली सगळ्यात स्वस्त चांगली लाल वाईन बोर्दोतच मिळते, कारण ती खपत नाही. २०२३ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना वेली उपटायला हेक्टरी ६००० युरो देण्याची योजना आली, यावरून ओळखा. जग समजतं बोर्दो म्हणजे १८५५ ची ती यादी. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वाईनच्या दलालांनी भावाच्या हिशोबाने पाच वर्ग पाडले आणि पुढे पहिल्या वर्गात बढती मिळाली ती मूताँ या एकट्या मळ्याला, १९७३ मध्ये. त्या यादीतल्या लाल वाईन सगळ्या तिथल्या नदीच्या डाव्या काठाच्या. आपल्याला तिथे जायचंच नाही. उजव्या काठावर फ्रोंसाक आहे, कास्तीयों आहे. साँतेमिलियों या नावाजलेल्या गावाच्या शेजारची गावं, मेर्लो द्राक्ष जास्त, म्हणून वाईन मऊ. पाच-सात वर्षं जुनी बाटली घ्या, तासभर आधी उघडून जगमध्ये ओता आणि मटणाबरोबर प्या. मग बोला.

तुमची मॉर्गों गोड मुलगी आहे. फ्रोंसाकला आयुष्य ठाऊक आहे.

शंकासुर

करवंद, पाटीवरची पेन्सिल, आयुष्य ठाऊक असलेली फ्रोंसाक. वा! आता जरा जमिनीवर येऊ या का?

२००१ मध्ये खुद्द बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाईन हुंगायला दिली. लाल म्हणून दिलेली खरं तर तीच पांढरी होती, फक्त बिनवासाचा लाल रंग घातलेली. पोरांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. जे शिकताहेत त्यांची ही गत, तर आपण कोण? त्याआधीची १९७६ ची पॅरिसमधली चाखणीही आठवा: फ्रेंच परीक्षक, झाकलेल्या बाटल्या, आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा.

तुम्हाला मॉर्गों आवडली कारण तुम्ही लियोंला राहता. मित्राला आवडली कारण तुम्ही कौतुकाने वाढली. बाकी सगळं शब्दांचं फोडणीचं तेल.

अनघा_लंडनकर

शंकासुर, तुम्हाला चहा आणि कॉफीतला फरक रंग न बघता कळतो ना? मग १२ च्या आणि ४ च्या बाटलीतलाही कळेल. फक्त सवय लागते.

मला पैशांबद्दल सांगायचंय. फ्रान्समध्ये वाईनवर २० टक्के व्हॅट असतो, पण बाटलीमागचं उत्पादन शुल्क अगदी किरकोळ. आमच्या इंग्लंडात शुल्कच दोन पौंडांहून जास्त, आणि त्यावर पुन्हा २० टक्के व्हॅट. काच, बूच, लेबल, वाहतूक हा खर्च चार युरोच्या बाटलीला लागतो तेवढाच दहाच्या बाटलीला. म्हणजे अगदी स्वस्त बाटलीत वाईनच्या वाट्याला चिल्लर उरते. चारावरून दहावर गेलात की वाढलेले पैसे बरेचसे द्राक्षांत जातात. तीसवरून साठवर जाताना बहुधा नावात. म्हणून 'मध्यम किंमत' म्हणजे नक्की काय, हे देशागणिक बदलतं. धागाकर्त्याचे १२ युरो इथे लंडनात चालत नाहीत.

अवांतर: इथल्या एका दुकानातून आणलेल्या फ्रान्सच्या रोन खोऱ्यातल्या बाटलीला पावसाळ्यात माळ्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, मॅडम, मातीचा वास आहे, फ्रेंच वाईन अशीच असते. अशी नसते! तो बुचातला दोष, शंभर युरोच्या बाटलीतही निघतो. असा वास आला तर 'आपल्यालाच कळत नाही' म्हणत गिळू नका.

गोदाकाठ

तुमचं युरोपात ठीक चाललंय. आमच्याकडे आयात वाईनवर वर्षानुवर्षं सीमाशुल्कच एकूण १५० टक्के होतं, वर राज्याचा हात. मी मागे एक साधी कोत द्यू रोन, म्हणजे रोन खोऱ्यातली वाईन, घेतली ती ३२०० रुपयांना. तीही दुकानात उन्हाच्या तिरिपेत उभी, काचेला हात लावला तर कोमट. तुमचं 'पहिल्या पंगतीत' इथे पोचेपर्यंत वरणभात संपलेला असतो.

त्यापेक्षा नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन प्या. हे द्राक्ष मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, वूव्रे ही तिथली वाईन बनते तेच. आमच्याकडे पावसाळा संपता छाटणी आणि जानेवारीपासून तोडणी, त्यामुळे इथली वाईन जास्त फळाची, पेरू-अननसाच्या अंगाची. मिसळीबरोबर गार करून घेतली तर बोजोलेची आठवणसुद्धा येत नाही.

तिसरी_नदी

एकेकाला उत्तर देतो. (लियोंला तीन नद्या आहेत म्हणतात, रोन, सोन आणि बोजोले. माझं नाव त्यावरून. तेव्हा शंकासुरांचा पक्षपाताचा आरोप मान्य.)

उजवा_काठ, फ्रोंसाकचा मुद्दा पटला, शीर्षक जरा उद्धट झालं. पण तुमच्या सल्ल्यात पाच-सात वर्षं, जग, तासभर आणि मटण एवढं लागतं. बुधवारी साडेआठला कामावरून आलेल्या माणसाकडे यातलं काय असतं? इथल्या बुशोंत, म्हणजे साध्या खाणावळीत, जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत बोजोले टेबलावर आपटतात आणि लोक गप्पा चालू ठेवतात. मला ती वाईन हवी. आणि 'गोड मुलगी' वगैरे राहू द्या. चव सांगा, स्थळ नको.

गोदाकाठ, ३२०० ला कोमट रोन घेण्यात अर्थ नाही, शंभर टक्के सहमत. फक्त मिसळीला तुमची शेनिन का चालते ते बघा: थोडी गोडी असते, दारूचं प्रमाण बेताचं असतं. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही जास्त झोंबतात. इकडे मी त्याच कारणाने तर्रीबरोबर अर्धगोड वूव्रे घेतो, 'दमी-सेक' लिहिलेली. मावशी तुमची, भाची आमची, किंवा उलट.

शंकासुर, त्या प्रयोगातून 'फरक नसतोच' हे निघत नाही. डोळा नाकाला फसवतो, एवढं निघतं. मग डोळे बांधा ना. घरी करता येईल असं सांगतो. एक साधी बोजोले आणि एक मॉर्गों आणा, दोन्ही सारख्याच गार करा. दुसऱ्या कोणीतरी तीन ग्लास भरायचे, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. व्यवसायातले लोकही अशीच परीक्षा घेतात. नुसता अंदाज मारलात तर तीनात एकदा बरोबर येईल. सहा वेळा करा. पेले ठेवायची जागा दर वेळी बदला.

उजवा_काठ

पेले एकाच आकाराचे घ्या. आणि चाखण्याआधी दात घासू नका.

शंकासुर

केलं. शनिवारी, इथे ॲम्स्टरडॅममध्ये. डोळ्यांवर बायकोची ओढणी, ग्लास तिने भरले. मग तिच्यासाठी मी भरले. पैज अशी, की हरेल त्याने आठवडाभर भांडी.

मी सहापैकी दोन बरोबर. म्हणजे तिसऱ्या_नदीच्या हिशोबाने निव्वळ अंदाज.

बायको सहापैकी पाच. ती वाईन पीत नाही, वर्षातून दोनदा. विचारलं कसं ओळखलं, तर म्हणाली, "एक गिळली की लगेच जाते, दुसरी थोडा वेळ बसते." करवंद नाही, पेन्सिल नाही.

मग विचारलं, यातली आवडली कुठली? लगेच जाणारी. म्हणजे साधी बोजोले, सात युरोची.

अनघा_लंडनकर

वहिनींना नमस्कार सांगा. भांडी घासताना ग्लास साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, वास राहतो.

गोदाकाठ

सात युरोचे आमच्याकडे किती होतील हे मी मोजत नाही. वहिनी नाशिकला आल्या तर हीच परीक्षा आमच्या दोन शेनिनवर घेऊ. ग्लास मी भरतो.