स्विफ्टच्या मागच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) आतली कड घरी वळवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी 2013 ची स्विफ्ट डिझेल, मुक्काम परभणी. मूळची 14 इंची चाकं काढून चुलतभावाकडची 15 इंची अलॉय बसवली आहेत. रिमची रुंदी 7 इंच, टायर 195/60. एकट्याने चालवताना काहीच त्रास नाही. पण मागे तिघं बसले आणि डिकी भरली, की गंगाखेड रोडला मागच्या चाकाकडून खर्र असा आवाज येतो. आपल्याकडच्या रस्त्यांचं काय सांगायचं! खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. खड्डा निदान लांबून दिसतो. ही लाट दिसत नाही, आणि गाडी वेगात असताना मागचा भाग एकदम दबतो.

टायरच्या उंचीचा प्रश्न नाही. मूळ 165/80 R14 चा व्यास साधारण 620 मिमी, आताच्या टायरचा 615. अडचण रुंदीची आहे. रिम एक इंच रुंद झाली की दोन्ही अंगांना 12.7 मिमी वाढतात, शिवाय ईटी (बोल्ट बसतो तो पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते माप) जितका कमी तितकं चाक आणखी बाहेर येतं. फेंडरवरून ओळंबा सोडून मोजलं, तर टायरचा खांदा पूर्वीपेक्षा जवळपास 2 सेंमी बाहेर आला आहे.

नेमकं कुठे घासतं ते बघायला कडेला आतून ओला गेरू फासला, डिकीत युरियाची 45 किलोची दोन पोती टाकली, मागे घरच्यांना बसवलं आणि वसमत रोडला एक चक्कर मारली. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गेरूचा पट्टा उमटला, रुंदी 5 ते 6 मिमी. दोन्ही बाजूंना सारखाच. कमानीच्या आतल्या प्लास्टिकला कुठेही डाग नाही. म्हणजे फक्त ती आत वळलेली पत्र्याची कड नडते आहे. ती माझ्या गाडीत साधारण 12 मिमी रुंद आहे.

इथल्या एका गॅरेजवाल्याने ग्राइंडरने कड कापून टाकायला सांगितलं. ते मी करणार नाही. मागचा फेंडर पुढच्यासारखा बोल्टवर नसतो, तो बॉडीला वेल्ड केलेला असतो. बाहेरचा पत्रा आणि आतल्या कमानीचा पत्रा त्या कडेवरच एकत्र येतात, स्पॉट वेल्डिंग तिथेच असतं. कड कापली की जोडच गेला. दुसऱ्याने टायर आणि फेंडरच्या मध्ये पाइप धरून गाडी पुढेमागे ढकलायचा उपाय सांगितला. तसं करणारे पुष्कळ आहेत, पण त्यात दाब कुठे किती पडतो यावर ताबा राहत नाही आणि पत्र्याला बाहेरून लाट येते.

म्हणून हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) बोल्टने बसणारं रोलर हत्यार वापरायचं ठरवलं आहे. स्विफ्टचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचं माप) 4×100 आहे, म्हणजे 100 मिमी व्यासावर 4 बोल्ट, त्या मापाची प्लेट एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून कापून मिळेल. रोलर पॉलियुरेथेनचा. हीट गन आहे. रंग 50-60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थोडं थोडं वळवायचं, एका फेरीत कड 5-10 अंशांच्या कोनापेक्षा जास्त नाही, एवढं माहीत आहे.

खरी काळजी त्यानंतरची आहे. दोन पत्रे एकत्र वळले की मधलं सीलंट तडकणार. आपल्या भागात त्या फटीत काळा चिखल शिरला तर तो दिवसेंदिवस ओल धरून बसतो, आणि गंज आतून खातो. बाहेर फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. तेव्हा विचारायचं असं:

मागची दुहेरी कड कुणी वळवली आहे का, आणि पावसाळ्यानंतर तिथे काय दिसलं? आणि गाडी जुनी घेतलेली आहे, डाव्या बाजूला पूर्वी रंगकाम झालंय असं वाटतं. तिथे हीट गन चालेल का?

प्रतिसाद (जालना)

दादा, डेंटिंगचं काम करतो म्हणून सांगतो. डाव्या बाजूला हात लावायच्या आधी पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीच्या कडेने फिरवा. जिथे पकड ढिली होईल तिथे खाली पुटीन आहे. पुटीन वाकत नाही, कितीही तापवा, तडकणारच. तसं निघालं तर ती बाजू वळवून पुन्हा रंगवायची तयारी ठेवा, नाहीतर सोडून द्या.

दुसरं, कड पूर्ण वर चपटी करू नका. तुम्हाला 6 मिमी हवेत, कड 12 ची आहे. 60 अंश वर वळवली की तिचं आत येणं निम्म्यावर येतं, म्हणजे 6 मिमी मोकळे झाले. त्याच्या पुढचा प्रत्येक अंश सीलंटला आणि स्पॉटला महाग पडतो. अगदीच टेकत असेल तर आणखी थोडी वळवा, पण आधी पोती भरून तपासून घ्या.

बंपर जिथे कमानीला मिळतो तिथले स्क्रू आधी काढा, नाहीतर रोलर तिथे अडतो आणि टोकाला मोड पडते. काम झाल्यावर जुनं सुटलेलं सीलंट खरवडून काढा, उघडा पत्रा दिसला तर प्रायमर, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट बोटाने दाबून भरा. आणि डिकीच्या बाजूचं ट्रिम काढून पोकळीत आतून कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा. हे शेवटचं काम बहुतेक लोक टाळतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

प्रतिसाद (लातूर)

कड वळवण्याआधी मागच्या स्प्रिंगा बघा. 2013 ची गाडी आहे, बसल्या असतील. सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत दोन्हीकडचं अंतर घ्या आणि तेच माप शेजारपाजारच्या स्विफ्टला लावून बघा. चाक फार वर येऊ न देणारे बंप रबर झिजून गेले असतील तरी चाक जास्त वर येतं. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलून चाक आत घेण्याची सोय नाही, म्हणून ही दोनच ठिकाणं राहतात.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. 60 अंशांचा हिशेब फार उपयोगी पडला, मी पूर्ण चपटीच करणार होतो. स्प्रिंगांचं माप आज घेतलं. गल्लीतल्या त्याच मॉडेलच्या गाडीपेक्षा माझी दोन्हीकडे बोटभर खाली आहे. तेव्हा आधी स्प्रिंगा आणि बंप रबर बदलतो, मग पुन्हा गेरू लावून तीच चक्कर मारतो. तरी घासलं तर उजवी बाजू आधी करीन. डाव्या बाजूला चाकाच्या वरच चुंबक ढिलं पडलं, साधारण वीतभर भागात.

पीयू सीलंटवर रंग मारायच्या आधी किती वेळ थांबता, ते जालन्याच्या दादांनी सांगावं. मृगाच्या आत काम उरकायचं आहे.